परदेशातील वैद्यकीय शिक्षण : पदवीपेक्षा परवाना कठीण

दरवर्षी 'नीट' या राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेचा निकाल जाहीर झाला, की देशभरातील लक्षावधी कुटुंबांत एकच प्रश्न चर्चिला जातो. पात्र तर ठरलो, पण शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण नाहीत. आता पुढे काय? लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांपासून बेळगाव, इंदूर आणि बडोद्याच्या मराठी घरांपर्यंत हा प्रश्न सारखाच आहे. याच सुमारास वृत्तपत्रांतून जाहिराती झळकू लागतात, हॉटेलांच्या सभागृहांत मार्गदर्शन मेळावे भरतात आणि रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, फिलिपीन्स अशा देशांची नावे घरातल्या बोलण्यात येऊ लागतात. निर्णयासाठी हाती जेमतेम दोन-तीन महिने असतात. त्याचे परिणाम मात्र पुढील आठ-दहा वर्षे भोगावे लागतात. म्हणूनच या निर्णयामागील गणित शांतपणे तपासून पाहणे आवश्यक आहे.

जागा आणि शुल्क यांचा पेच

२०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी 'नीट' दिली आणि त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा २०१४ मध्ये ५१ हजारांच्या घरात होत्या. त्या गेल्या दशकात दुपटीहून अधिक वाढल्या. महाराष्ट्रातच ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशीम, जालना, बुलढाणा, भंडारा यांसह दहा ठिकाणच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. तरीही पात्र उमेदवार आणि उपलब्ध जागा यांतील अंतर मोठेच राहिले आहे. एका जागेसाठी आजही अनेक पात्र उमेदवार उभे असतात.

त्यातही या जागांपैकी जवळपास निम्म्याच शासकीय आहेत. उरलेल्या खासगी महाविद्यालयांत आणि अभिमत विद्यापीठांत आहेत. महाराष्ट्रातील अनेक अभिमत विद्यापीठांचे वार्षिक शुल्क २० लाख रुपयांच्या पुढे गेले आहे. म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च एक कोटीच्या आसपास वा त्याहून अधिक होतो. याउलट मध्य आशियातील अथवा रशियातील विद्यापीठांत शुल्क, वसतिगृह आणि भोजन धरून सगळा खर्च साधारणतः २५ ते ४५ लाख रुपयांत भागतो, असे सांगितले जाते. परराज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. अधिवासाच्या अटींमुळे महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात त्यांच्या मुलांना अनेकदा स्थान मिळत नाही. मग राहत्या राज्याचा कोटा आणि शासकीय महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा यांवरच त्यांना विसंबून राहावे लागते.

तेव्हा परदेशाची वाट धरणारा विद्यार्थी केवळ हौसेने जातो, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. देशातील जागांची टंचाई आणि खासगी शुल्काचा भार यांनी ही वाट निर्माण केली आहे. मात्र वाट निर्माण होण्याची कारणे योग्य असली, म्हणून ती वाट सुरक्षित ठरत नाही.

खरी परीक्षा परतल्यावर

भारतीय विद्यार्थी परदेशात वैद्यक शिकायला जाण्याची परंपरा जुनी आहे. सोव्हिएत काळात शिष्यवृत्तीवर मोजके विद्यार्थी मॉस्कोला जात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यानंतर स्वखर्चाने जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि शिक्षणाच्या दर्जाविषयी शंका उपस्थित होऊ लागल्या. परिणामी भारतीय वैद्यक परिषद कायद्यात २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि २००२ पासून परदेशी पदवीधरांसाठी चाळणी परीक्षा सुरू झाली. हीच परीक्षा आज 'एफ.एम.जी.ई.' या नावाने ओळखली जाते. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज भारतात नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही परीक्षा उत्तीर्ण न होताच काही परदेशी पदवीधरांनी राज्य परिषदांकडे नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ७३ जणांविरुद्ध गुन्हा नोंदवून देशभर झडती घेतली होती. चाळणी परीक्षेतील अपयश माणसाला कोणत्या टोकापर्यंत नेऊ शकते, याची कल्पना या प्रकरणावरून येते.

या परीक्षेचे निकाल काय सांगतात? २०१५ ते २०१८ या चार वर्षांत ६१ हजारांहून अधिक वेळा उमेदवार परीक्षेला बसले आणि उत्तीर्णांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. २०२३ मध्ये ते १७ टक्क्यांच्या आसपास राहिले. डिसेंबर २०२४ च्या सत्रात ते जवळपास ३० टक्क्यांपर्यंत चढले आणि जून २०२५ मध्ये पुन्हा १९ टक्क्यांच्या खाली आले.

हे आकडे वाचताना दोन्ही बाजूंनी सावध राहिले पाहिजे. उत्तीर्णांचे प्रमाण १९ टक्के आहे, याचा अर्थ उरलेले ८१ टक्के कधीच डॉक्टर होत नाहीत, असा नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते, अनुत्तीर्ण उमेदवार पुन्हा बसतात आणि त्यांतील काही पुढच्या प्रयत्नांत यशस्वी होतात. प्रत्येक सत्राच्या आकड्यात नव्यांबरोबर जुने उमेदवारही मोजलेले असतात. त्यामुळे अंतिम यशाचे प्रमाण सत्राच्या टक्केवारीपेक्षा अधिक असते. परंतु यातून मिळणारा दिलासा मर्यादितच आहे. कारण प्रत्येक अपयशी प्रयत्न म्हणजे किमान सहा महिने, शिकवणीचे शुल्क, कर्जाचे चढते व्याज आणि पंचविशी ओलांडलेल्या तरुणाचे घरी बसणे. या काळात तो ना विद्यार्थी असतो, ना डॉक्टर.

दुसरा मुद्दा पात्रतेच्या निकषांचा आहे आणि तो बहुतेक पालकांच्या ध्यानी येत नाही. 'नीट'ची पात्रता शतमकावर, म्हणजे इतरांच्या तुलनेत ठरते. २०२५ मध्ये खुल्या गटासाठी ती ७२० पैकी १४४ गुणांवर येऊन थांबली, म्हणजे अवघे २० टक्के. आरक्षित गटांसाठी ती ११३ गुणांवर होती. चाळणी परीक्षेची पात्रता मात्र तुलनेवर ठरत नाही. तेथे ३०० पैकी किमान १५० गुण मिळवावेच लागतात. दोन परीक्षांचे स्वरूप भिन्न असल्याने थेट तुलना करता येणार नाही. तथापि पहिल्या उंबरठ्याची उंची पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधणे किती फसवे आहे, हे यावरून स्पष्ट होते. दीडशे गुणांवर 'पात्र' ठरलेल्या विद्यार्थ्याला दलाल जेव्हा अभिनंदनाचा दूरध्वनी करतो, तेव्हा तो अर्धेच सत्य सांगत असतो.

त्याच वेळी कमी निकालाचे सगळे खापर परदेशी विद्यापीठांवर फोडणेही योग्य नाही. देशात उत्तम गुण मिळवणारे बहुतेक विद्यार्थी येथेच प्रवेश घेतात. परदेशी जाणाऱ्यांत कमी गुणांचे प्रमाण साहजिकच अधिक असते. त्यामुळे निकालात शिक्षणाच्या दर्जाचा वाटा किती आणि विद्यार्थ्याच्या मूळ तयारीचा किती, हे सरासरीवरून सांगता येत नाही. देशोदेशीचे फरकही लक्षणीय आहेत. २०१५ ते २०१८ या काळात चीनमधून परतलेल्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण सुमारे १२ टक्के, रशियाचे १३, युक्रेनचे १५, तर बांगलादेशाचे २७ टक्के होते. बांगलादेशातील पाठ्यपुस्तके, रोगांचे स्वरूप आणि अध्यापनाची पद्धत आपल्याशी मिळतीजुळती आहे, हे यामागील एक सयुक्तिक कारण मानता येईल. एकाच देशातील दोन विद्यापीठांतही असेच मोठे अंतर आढळते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने प्रसिद्ध केलेली संस्थानिहाय आकडेवारी म्हणूनच देशाच्या सरासरीपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

नियमांची चौकट

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी परदेशी शिक्षणाच्या अटी अधिक काटेकोर केल्या. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा, तो इंग्रजी माध्यमातून असावा, संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत झालेले असावे आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता पूर्ण केलेली असावी, अशी तरतूद आहे. प्रवेशाच्या तारखेपासून दहा वर्षांच्या आत हे सारे पूर्ण व्हावे लागते. भारतात परतल्यावर चाळणी परीक्षा आणि आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता आहेच. शिवाय ज्या देशात पदवी घेतली, त्या देशात तेथील नागरिकांच्या बरोबरीने व्यवसाय करण्याची पात्रता त्या पदवीने मिळाली पाहिजे.

परदेशी जाण्यासाठी 'नीट' उत्तीर्ण होणे २०१८ पासून बंधनकारक आहे. या अटीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळले. 'नीट'विना प्रवेश मिळवून देतो, असे कोणी सांगत असेल, तर प्रवेश कदाचित मिळेलही. भारतातील व्यवसायाचा दरवाजा मात्र त्याच दिवशी बंद झालेला असेल.

वरील प्रत्येक अटीत प्रत्यक्षात एक खाचखळगा आहे. फिलिपीन्सचे उदाहरण घ्या. तेथील वैद्यकीय पदवीचा मूळ अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिन्यांचा आहे आणि त्याआधी विज्ञानाचा पूर्वअभ्यासक्रम असतो. ५४ महिन्यांची अट वैद्यकीय अभ्यासक्रमाने पूर्ण होते की नाही, हे तपासल्याविना तेथे जाणे धोक्याचे ठरेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५ मध्ये बेलीझ आणि उझबेकिस्तानमधील काही संस्थांबाबत विद्यार्थ्यांना सावध केले होते. 'आयोगाची मान्यता असलेले विद्यापीठ' हा जाहिरातींतील शब्दप्रयोगही दिशाभूल करणारा आहे. संस्था निकषांत बसते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी नियमांनी प्रत्यक्षात विद्यार्थ्यावर टाकली आहे.

इंग्रजी माध्यमाची अटही वाटते तितकी सरळ नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र हे विषय वर्गात इंग्रजीतून शिकवले जातात. पण रुग्णालयात खाटेवरचा रुग्ण रशियन, जॉर्जियन किंवा किर्गिझ भाषेत बोलतो. त्याची भाषा न येणारा विद्यार्थी त्याच्या आजाराचा पूर्ववृत्तान्त घेऊ शकत नाही आणि मग रुग्णतपासणीचे शिक्षण प्रेक्षकाच्या भूमिकेतच संपते. वैद्यक ही पुस्तकातून शिकण्याइतकीच हातांनी शिकण्याची विद्या आहे. सर्पदंश, डेंग्यू, कुपोषण, बाळंतपणातील गुंतागुंत हे आपल्या ग्रामीण रुग्णालयांतले नित्याचे प्रसंग शीत प्रदेशातील रुग्णालयात क्वचितच दिसतात. परतल्यावरची आंतरवासिता ही उणीव काही प्रमाणात भरून काढते. तथापि तेथेही जागांची मर्यादा आहे. महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या अतिरिक्त ७.५ टक्के जागाच परदेशी पदवीधरांसाठी ठेवता येतील, असे आयोगाने मार्च २०२२ मध्ये राज्यांना कळवले होते.

युद्ध, साथ आणि अशांतता

गेल्या काही वर्षांनी या निर्णयात एक नवा घटक आणला आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे चीनमधून परतलेले हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थी अडीच वर्षे घरी बसून संगणकावर व्याख्याने ऐकत राहिले. चीनने त्यांच्यासाठी व्हिसा पुन्हा सुरू केला, तो ऑगस्ट २०२२ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाले. तेथे सुमारे १८ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत वैद्यकीय विद्यार्थीच बहुसंख्य होते. खार्किव येथे १ मार्च २०२२ रोजी कर्नाटकातील एक वैद्यकीय विद्यार्थी मृत्युमुखी पडला. 'ऑपरेशन गंगा'द्वारे आणि इतर मार्गांनी २२ हजारांहून अधिक भारतीयांना सुखरूप आणण्यात आले.

जीव वाचले, पण शिक्षणाचे काय, हा प्रश्न उरला. संपूर्ण अभ्यासक्रम एकाच संस्थेत करण्याचा नियम इथे आडवा आला. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या विद्यार्थ्यांसाठी तात्पुरत्या स्थलांतराची सवलत दिली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीनंतर अखेरच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांना भारतात अंतिम परीक्षा देण्याची एकवेळची संधी मिळाली. ही सवलत पुढील काळासाठी पायंडा मानली जाऊ नये, असे शासनाने त्याच वेळी स्पष्ट केले होते. भारतीय महाविद्यालयांत सरसकट सामावून घेण्याची मागणी मान्य झाली नाही.

त्यानंतरही अशा घटना थांबल्या नाहीत. मे २०२४ मध्ये बिश्केक येथे परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले आणि भारतीय विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर न पडण्याचा सल्ला देण्यात आला. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशातील उद्रेकामुळे हजारो विद्यार्थी सीमा ओलांडून परतले. जून २०२५ मध्ये इराणमधील वैद्यकीय विद्यार्थ्यांना 'ऑपरेशन सिंधू'अंतर्गत आर्मेनियामार्गे आणावे लागले. हे सारे देश धोक्याचे आहेत, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. परंतु सहा वर्षांचा मुक्काम ठरवताना त्या देशाच्या स्थैर्याचा विचार शुल्काइतकाच गांभीर्याने झाला पाहिजे, एवढे मात्र निश्चित.

पैशाचा हिशेब

कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक बाब पैशाची आहे. साडेसात लाख रुपयांवरील शैक्षणिक कर्जासाठी बँका सामान्यतः स्थावर तारण मागतात. ग्रामीण भागात याचा अर्थ जमीन किंवा राहते घर असाच होतो. शुल्क डॉलरमध्ये ठरलेले असते आणि उत्पन्न रुपयांत. २०१९ मध्ये सत्तरच्या आसपास असलेला डॉलर २०२४ च्या अखेरीस ८५ रुपयांवर गेला. म्हणजे विद्यापीठाने शुल्कात एक पैशाची वाढ केली नाही, तरी पालकांचा भार पाच वर्षांत सुमारे एक पंचमांशाने वाढला. दलालाने सांगितलेल्या रकमेत ही वाढ नसते. विमानप्रवास, विमा, व्हिसाचे नूतनीकरण, परतल्यावरची शिकवणी आणि परीक्षेच्या प्रतीक्षेतील महिने यांचाही त्यात समावेश नसतो.

काळाचा हिशेबही मांडावा. अभ्यासक्रम आणि तेथील आंतरवासिता मिळून सुमारे सहा वर्षे, मग चाळणी परीक्षा आणि येथील आंतरवासिता. पहिल्याच प्रयत्नात यश आले, तरी नोंदणी हाती येईपर्यंत साडेसात ते आठ वर्षे जातात. अठराव्या वर्षी गेलेला मुलगा सव्वीसाव्या वर्षी कमावता होतो. त्यानंतर पदव्युत्तर प्रवेशाची स्पर्धा असते आणि तेथे त्याला भारतीय महाविद्यालयांतील पदवीधरांच्या बरोबरीने उतरावे लागते.

निर्णय घेताना

या पार्श्वभूमीवर काही कसोट्या सुचवता येतील. पहिली कसोटी विद्यार्थ्याच्या तयारीची. 'नीट'मध्ये शासकीय प्रवेश अगदी थोडक्यात हुकलेला, स्वतःच्या शिस्तीने अभ्यास करणारा विद्यार्थी आणि पात्रतेची रेषा कशीबशी ओलांडलेला विद्यार्थी यांच्यासाठी एकच उत्तर असू शकत नाही. पहिल्याच्या बाबतीत आणखी एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय परदेशी जाण्याइतकाच गंभीरपणे तपासावा. वाया गेले असे वाटणारे एक वर्ष पुढची दोन-तीन वर्षे वाचवू शकते. दुसऱ्याच्या बाबतीत पालकांनी स्वतःला विचारावे, की घरापासून हजारो मैल दूर, कोणाच्याही देखरेखीशिवाय सहा वर्षांत ही तयारी भरून निघेल, असे मानण्यास काही आधार आहे काय?

दुसरी कसोटी संस्थेची. अभ्यासक्रमाचा कालावधी, माध्यम, आंतरवासिता आणि त्या देशातील व्यवसायाचा हक्क या चार गोष्टींची लेखी उत्तरे दलालाकडून नव्हे, तर थेट विद्यापीठाकडून घ्यावीत आणि आयोगाच्या नियमांशी ताडून पाहावीत. संस्थानिहाय निकाल पाहावा. शक्य असल्यास तेथून परतून चाळणी परीक्षा दिलेल्या, त्यातही अनुत्तीर्ण झालेल्या माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. मेळाव्यात व्यासपीठावर बसवले जातात ते यशस्वी झालेले.

तिसरी कसोटी कुटुंबाच्या आर्थिक सोसण्याची. मुलाला चाळणी परीक्षेत दोन वर्षे यश आले नाही, तर कर्जाचे हप्ते कोठून भरणार, याचे उत्तर प्रवेशाआधी तयार हवे. ते नसेल आणि त्यासाठी एकमेव शेतजमीन गहाण पडणार असेल, तर हा बेत पुन्हा तपासावा.

आणि शेवटची कसोटी इच्छेची. डॉक्टर व्हायचे आहे ते कोणाला? मुलाला की घराला? दंतवैद्यक, आयुर्वेद, भौतिकोपचार, परिचर्या, औषधनिर्माण, सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांत रुग्णसेवेच्या अनेक वाटा आहेत. त्या स्वीकारणे म्हणजे हार मानणे, ही समजूत अनेक तरुणांना नको त्या विमानात बसवते.

परदेशात शिकून परतलेले अनेक कुशल डॉक्टर आज आपल्या गावा-शहरांतून रुग्णसेवा करीत आहेत, हे विसरून चालणार नाही. देशाला डॉक्टरांची गरज आहे आणि जागा वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु वैद्यकीय शिक्षण सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येईपर्यंत हा ओघ थांबणार नाही. तोपर्यंत दलालांवर अंकुश ठेवणे आणि संस्थानिहाय निकाल सोप्या रूपात, प्रादेशिक भाषांतून पालकांपर्यंत पोहोचवणे, एवढे तरी शासनाने आणि आयोगाने करायला हवे. पालकांच्या हाती असलेली गोष्ट त्याहून साधी आहे. प्रवेशाची पहिली रक्कम भरण्यापूर्वी परतीच्या वाटेचा संपूर्ण हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. तो जुळत असेल तर निर्धास्तपणे जावे. जुळत नसेल, तर थांबण्यात कमीपणा नाही.